मागच्या बाकावरचा वारा

छप्परताईने शिवलेलं कापड बोटीवर चढलं की पाणी आत यायला लाजतं, असं धक्क्यावर सगळे म्हणायचे. हे पहिल्यांदा कोण म्हणालं असं विचारलं, तर मात्र सगळे छप्परताईचंच नाव घ्यायचे. आपलं कौतुक दुसऱ्याने करावं म्हणून वाट बघत बसणाऱ्यांपैकी ती नव्हती.

बोटींना छपरं शिवते म्हणून छप्परताई. खरं नाव धक्क्यावर कुणालाच आठवत नसे. धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा कारखाना होता, आणि कारखाना म्हणजे एक लांबलचक टेबल, एक अवजड शिलाई मशीन आणि ती स्वतः. मशीन सुरू झालं की शेजारच्या टपरीतले चहाचे कप बशांमध्ये थरथरायचे. भिंतीवर खडूने एकेका बोटीची मापं लिहिलेली होती. कोपऱ्यात मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, पितळी रिंगांचे डबे, पडद्यांना लावायच्या जाड चेनींची भेंडोळी आणि खिडक्यांसाठी लागणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचे गुंडाळे. सव्वीस वर्षं ती हेच करत होती. नव्या गिऱ्हाइकाने चुकून "गळणार नाही ना?" असं विचारलं, तर ती तोंडाने उत्तर देत नसे. शिवलेलं कापड दोन खांबांना ताणून बांधायची, गिऱ्हाइकाला त्याखाली उभं करायची आणि वरून बादलीभर पाणी ओतायची. गिऱ्हाईक कोरडंच राहायचं, फक्त चेहरा तेवढा ओशाळा व्हायचा.

या सगळ्या तोऱ्यात एकच हळवी जागा होती, ती म्हणजे धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही वीस. त्याचं जेवणखाण, शाळा, तापातली जागरणं सगळं हिनेच काढलं. स्वतःच्या लग्नाचा विषय तिने दोनदा टोलवला, आणि तिसऱ्यांदा तो कुणी काढलाच नाही. भाऊ आता चाळिशीकडे झुकलेला, मिशीवाला, स्वतःची प्रवासी बोट चालवणारा माणूस होता, तरी ही त्याला चारचौघांत "छोट्या" म्हणून हाक मारायची आणि तो बिचारा ओ द्यायचा.

या छोट्याने गेल्या वर्षी लग्न केलं. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या एका दुकानात काम करणारी मुलगी. बोटीने रोज ये-जा करायची, त्यातच जमलं. लग्नाला छप्परताईची हरकत नव्हती. तिची हरकत अशी होती की भावाने तिला विचारलं नाही, सांगितलं. एवढ्याशा फरकाने तिच्या मनात जी अढी बसली, ती वर्ष उलटलं तरी सुटेना. त्यात ती भावजय मूग गिळून बसणारी. टोमणा मारावा तर समोरून टोमणा नाही, रुसवा नाही, काही नाही. "हो वन्सं" एवढंच. भांडायला तयार असलेल्या माणसाला याच्याइतका वैताग दुसऱ्या कशाचा नसतो.

लग्नानंतर भावजयीने दुकान सोडलं आणि ती बोटीवर मदत करू लागली. दोर बांधायचे, माणसांना हात देऊन चढवायचं-उतरवायचं, सामान लावायचं. जलाशय मोठा होता. या काठावरून त्या काठावर जायला चाळीस मिनिटं लागत. दिवसाला सहा फेऱ्या.

थंडी सुरू झाली तसे प्रवासी कुरकुरू लागले. बोटीला नुसतं वरचं छप्पर आणि पुढे बुटकी काच होती, आणि सकाळच्या फेरीला समोरून येणारा गार वारा कानशिलं बधिर करायचा. पलीकडच्या शाळेतल्या गणिताच्या बाई तर एकदा भावाला म्हणाल्या, "अहो, तुमच्या बोटीतून उतरल्यावर पहिला तास मला खडू धरता येत नाही."

झालं, छप्परताईने मनावर घेतलं. भावाच्या बोटीला लोकांनी नावं ठेवायची म्हणजे काय! दहा दिवस खपून तिने पूर्ण संच शिवला. समोरच्या काचेपासून छपरापर्यंत एक पडदा, दोन्ही बाजूंना दोन पडदे, त्यात मोठ्या पारदर्शक खिडक्या, सगळीकडे जाड चेनी, आणि शिवणींवर वरून दुसरी पट्टी. मागची बाजू तेवढी तिने उघडी ठेवली. एक तर चढ-उतर तिथूनच व्हायची, इंजिनाचं झाकणही तिथेच होतं, आणि मुख्य म्हणजे आतल्या माणसांना हवा नको का? तीन बाजू बंद, चौथी उघडी. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तिलाच काय, कुणालाही वाटलं नाही. बोट पुढे चालते, धूर मागे जातो, हे तर लहान पोरही सांगेल.

आणि बोट एकदम उबदार झाली. लोक खूश. आणखी चार बोटवाल्यांनी तिच्याकडून तसेच संच शिवून घेतले. टपालवाला, जो उभ्या जन्मात कुणाला बरं म्हणाला नव्हता, तोही शेडच्या दारात येऊन सांगून गेला, "छप्परताई, काय ऊब आहे हो तुमच्या कापडात! बसलं की डोळाच लागतो."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "घरी झोप येत नाही मला, पण तुमच्या बोटीत अशी गाढ लागते की उतरताना डोकं जड असतं."

छप्परताईला हे ऐकून मूठभर मांस चढलं. माणूस जिथे बसल्याबसल्या झोपतो तिथे त्याला सुख आहे, असा तिचा साधा हिशेब होता.

भावजयीला त्याच सुमारास पाचवा महिना लागला, आणि तिला उलट्या सुरू झाल्या. पहिले चार महिने ती ठणठणीत होती. दोर ओढत होती, पेट्या उचलत होती. आणि आता, सगळ्या बायकांचं थांबतं तेव्हा हिचं सुरू. डोकं दुखतं, गरगरतं, संध्याकाळी घरी आली की भिंत धरून बसते. छप्परताईने आठवडाभर लक्ष ठेवलं आणि तिच्या असं ध्यानात आलं की रविवारी, बोट बंद असते तेव्हा, भावजय अगदी टवटवीत असते. चहा करते, हसते, कपडे धुते. सोमवारी पहिल्या फेरीनंतर पुन्हा तोंड पांढरंफटक.

टपरीवर चहा पिताना ती टपरीवाल्या मावशींना म्हणाली, "बघा, सुट्टीच्या दिवशी काही होत नाही हो हिला. कामावर गेली की मळमळ! आमच्या वेळी ही नाटकं नव्हती."

मावशी म्हणाल्या, "अगं, पहिलटकरीण आहे. होतं एकेकीला."

"एकेकीला होतं ते एकेका वारी होत नाही, मावशी."

बोलली खरी. पण छप्परताई तोंडाने जितकी फाटकी होती तितकी मनाने नव्हती. त्याच संध्याकाळी ती धक्क्यावर गेली, तर भावजय बोटीच्या कडेला ओणवी होऊन ओकत होती आणि एका हाताने पोट सांभाळत होती. तो पोटावर बोटं पसरून ठेवलेला हात बघून हिच्या काळजात कुठेतरी हललं. वर्षभरात पहिल्यांदा ती आपण होऊन भावजयीजवळ गेली, पाण्याची बाटली पुढे केली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "पुढे कोंडून कशाला बसतेस? मागच्या बाकावर बसत जा. तिथे मोकळा वारा लागतो. बरं वाटेल."

भावजयीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "हो वन्सं," म्हणाली. पण या वेळी थोडं हसली.

छप्परताई घरी गेली ती स्वतःवर बेहद्द खूश होऊन. आपण किती समजूतदार आहोत हे तिने रात्री जेवताना भावालाही आडून आडून सांगितलं.

त्यानंतर तीन आठवडे भावजय मागच्या बाकावर, इंजिनाच्या झाकणाला लागून बसत होती. त्रास कमी झाला का, हे विचारायचं छप्परताईच्या मनात दोन-तीनदा आलं. पण एकदा काळजी दाखवली, आता पुन्हा पुन्हा काय, म्हणून तिने विचारलं नाही.

मग एका सकाळी भावाने तिला बोटीवर बोलावलं. मागूनही शिंतोडे येतात, तिथेही पडदा लावून टाक, असं प्रवाशांचं म्हणणं होतं. छप्परताई मोजपट्टी, खडू, दोरा आणि मोठी कात्री पिशवीत टाकून पहिल्या फेरीला निघाली. त्या दिवशी हवा भलतीच गार होती, सगळ्या चेनी वरपर्यंत ओढलेल्या. टपालाच्या सात-आठ जड पेट्या मागे लावल्या होत्या, त्यामुळे बोट मागून दबलेली आणि पुढून उचललेली चालत होती. आत आठ प्रवासी. भाऊ पुढे स्टेअरिंगवर. भावजय मागच्या बाकावर, डोकं छपराच्या पाईपला टेकून.

छप्परताईने थोडा वेळ गणिताच्या बाईंशी गप्पा मारल्या. मग बाईंचे डोळे मिटू लागले तशी ती उठून मागे गेली आणि कामाला लागली. उघड्या बाजूची रुंदी घेतली. उंची घ्यायला तिने नेहमीसारखा दोऱ्याचा एक तुकडा तोडला आणि छपराच्या मागच्या पाईपला बांधून खाली सोडला.

दोरा सरळ खाली लोंबेना. तो उडाला. उडाला तो आत, तिच्या तोंडावर.

तिने तो बाजूला केला. दोरा पुन्हा आत आला आणि छपराखाली आडवा होऊन बोटीच्या पुढच्या दिशेने फडफडू लागला. छप्परताईच्या कपाळाला आठी पडली. वाऱ्यात कापड कसं वागतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बोट पुढे चालली आहे, तर दोरा मागे, बाहेरच्या बाजूला उडायला हवा. मागून वारा सुटलाय की काय, म्हणून तिने खिडकीतून बोटीच्या टोकावरचा झेंडा पाहिला. झेंडा व्यवस्थित मागे फडकत होता. वारा समोरूनच होता. म्हणजे बाहेर वारा पुढून मागे जातोय, आणि आत मागून पुढे येतोय.

आधी तिला वाटलं, आपल्या मापात काहीतरी चुकलं, कापडाला पोट आलं असेल. तिने बाजूच्या पडद्याला आतून हात लावला. बोटं काळसर झाली. सहा आठवड्यांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने लावलेलं पांढरं कापड, बाहेरून स्वच्छ, आणि आतून काजळी. तिने खाली वाकून पाहिलं. मागे पाण्याच्या बरोबरीने धुराचा पाईप होता. त्यातून निघालेला फिकट धूर मागे जायचं नाव काढत नव्हता. बोटीच्या पाठीशी घुटमळत होता आणि उघड्या बाजूने हळूच आत वळत होता.

आपलंही डोकं ठणकतंय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

तिने वळून बोटीत पाहिलं. गणिताच्या बाईंची मान छातीवर पडली होती. टपालवाला तोंड उघडं टाकून पसरला होता. आठच्या आठ माणसं झोपलेली. सकाळचे साडेनऊ वाजलेले, रात्रभर घरी झोपून, चहा पिऊन, अंघोळ करून आलेली माणसं, आणि अख्खी बोट झोपलेली. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून माणसं झोपेतच जातात, हे तिने ऐकलं होतं. पण ते गॅरेज. इथे चहूकडे पाणी, वर आभाळ, इथे कुणाच्या मनात येणार?

"अगं ए," ती भावजयीला म्हणाली.

भावजय हलली नाही.

"अगं, उठ!" तिने खांदा धरून हलवलं तर भावजय पाईपवरून घसरली आणि बाकावर आडवी झाली. डोळे अर्धवट उघडे, पण बघत नव्हते. हिला मागे कुणी बसवलं, हा प्रश्न तेव्हाच तिच्या डोक्यात आला आणि तेव्हाच तिने तो मागे ढकलला, कारण त्याला वेळ नव्हता.

"छोट्या! इंजिन बंद कर!"

भावाने मागे वळून पाहिलं. त्याचे डोळे तांबारलेले होते. "काय झालं? उशीर होईल ताई, शाळेची वेळ..." तो एकेक शब्द शोधत बोलत होता.

"शाळा गेली खड्ड्यात! बंद कर आधी! धूर आत येतोय, माणसं मरतील!"

हा आवाज त्याने नऊ वर्षांचा असल्यापासून ऐकला होता. डोकं चालत नसलं तरी हात चालला. इंजिन बंद पडलं. छप्परताई बाकांवरून पाय टाकत पुढे गेली आणि समोरच्या पडद्याची चेन तिने खेचली. चेन जागची हलेना. पाणी आत जाऊ नये म्हणून तिने दुहेरी झाकणपट्टीखाली दडवलेली चेन, ती अशी घाईत थोडीच उघडणार! तिने पिशवीतून कात्री काढली आणि पडदा वरपासून खालपर्यंत उभा फाडला. मग डावा. मग उजवा. दहा दिवस खपून शिवलेलं कापड दोन मिनिटांत लक्तरं होऊन लोंबू लागलं आणि गार वारा बोटीतून आरपार गेला.

दोघांनी भावजयीला उचलून बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला नेलं. लोकांना गदागदा हलवून जागं केलं. कुणी ओकलं, कुणी रडलं. टपालवाला उठून उभा राहिला आणि मटकन खाली बसला. गणिताच्या बाई सारखं विचारत होत्या, "उतरायचं का? आलं का?" भावाने फोन करून धक्क्यावर रुग्णवाहिका मागवली. सगळ्यांना पुढे दाटीवाटीने बसवून, कापडाची उरलीसुरली लक्तरं छपरावर टाकून, त्याने इंजिन पुन्हा सुरू केलं. छप्परताई भावजयीचं डोकं मांडीवर घेऊन वाऱ्याकडे तोंड करून बसली होती. धक्का येईपर्यंत ती तिच्या गालावर हलक्या चापट्या मारत होती आणि म्हणत होती, "श्वास घे गं. घे ना. माझ्यावर राग काढायचा तर नंतर काढ, आत्ता श्वास घे."

दवाखान्यात सगळ्यांना प्राणवायू लावला. दुपारपर्यंत प्रवासी सावरले आणि एकेक करून घरी गेले. भावजयीला वेगळ्या खोलीत ठेवलं. डॉक्टर तरुण बाई होत्या, पण बोलणं शांत आणि नेमकं. त्यांनी भाऊ-बहिणीला समोर बसवून सांगितलं, "इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. धुराचा जो वास येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा, त्यामुळे वास आला नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. प्राणवायूची जागा हा रक्तात बळकावून बसतो. डोकेदुखी, मळमळ, झोप. लोकांना वाटतं बोट लागली, थकवा आला, किंवा..." त्या थांबल्या. "किंवा दिवस गेलेत म्हणून होतंय."

भाऊ म्हणाला, "पण मागची बाजू उघडी होती डॉक्टर. पूर्ण उघडी."

"तेच तर. पुढून बंद आणि मागून उघडी बोट चालली की तिच्या पाठीमागे हवेची पोकळी होते, आणि ती धूर आत ओढते. पुढूनही हवा आरपार गेली पाहिजे. आणि हा वायू ओळखून ओरडणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते बोटीत हवंच." मग त्यांनी विचारलं, "त्या बसायच्या कुठे?"

"मागे," भाऊ म्हणाला. "इंजिनाजवळ. मी बसू द्यायला नको होतं. नवरा म्हणवतो मी, आणि माझ्या डोळ्यांसमोर..."

छप्परताईने काजळीने काळी झालेली बोटं मुठीत दडवली.

"बाळाचे ठोके आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "पण बाळाच्या रक्तातून हा वायू आईच्या मानाने फार सावकाश निघतो. त्यांना बरं वाटलं तरी आम्ही प्राणवायू लगेच काढणार नाही. पुढचं आज नाही सांगता येणार. दर पंधरा दिवसांनी तपासू."

छप्परताई उठून व्हरांड्यात गेली. तिच्या हाताचे संच चढवलेल्या आणखी चार बोटी या घटकेला पाण्यावर होत्या. तिने एकेकाला फोन लावला. तिघांनी ऐकलं. चौथा, जुनं गिऱ्हाईक, हसला. "काय ताई, दिवसाढवळ्या चढवली की काय? अहो, तुमच्या कापडासारखं कापड नाही. माणसं सुखाने झोपतात आत."

"झोपत नाहीत, मरतायत!" ती ओरडली. व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली, तरी तिने आवाज खाली आणला नाही. "मी चुकले! ऐकलंस? माझं कापड चुकीचं आहे. छप्परताई चुकली असं गावभर सांग, पण आत्ताच्या आत्ता इंजिन बंद कर आणि समोरचा पडदा काढ. निघाला नाही तर फाड!"

पलीकडे इंजिन थांबल्याचा आवाज आला. तिचा जीव भांड्यात पडला, निदान तेवढ्यापुरता.

ती परत खोलीत आली तेव्हा भावजय जागी होती. नाकातोंडावर मास्क, केस घामाने कपाळाला चिकटलेले. भाऊ औषधं आणायला गेला होता. खोलीत दोघीच. छप्परताई स्टूल ओढून बसली. तिला वाटलं होतं आधी तब्येत विचारावी, मग इकडचं तिकडचं बोलावं. पण इकडचं तिकडचं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मागे बस असं मीच सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "तो डोकं आपटून घेतोय बाहेर, स्वतःला दोष देतोय. त्याला सांगायचं धैर्य झालं नाही माझं. तुला सांगते. मी सांगितलं म्हणून तू तिथे बसलीस."

भावजयीने मान हलवली. माहीत आहे, अशी.

"आणि तू नाटकं करतेस असं टपरीवर बोलले."

भावजयीने मास्क थोडा खाली ओढला. "टपरीवरचं बोटीत ऐकू येतं, वन्सं."

छप्परताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि अशा वेळी तिला एकच येत होतं, ते म्हणजे आवाज चढवणं. "पण अगं, तुला तोंड नाही का? तिथे बसून त्रास वाढला की कमी झाला?"

"वाढला."

"कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तिथे बसलं की पाच मिनिटांत डोकं फुटायला लागायचं."

"मग उठायचं ना! पुढे जाऊन बसायचं! तीन आठवडे, रोजच्या सहा फेऱ्या, पोटात बाळ घेऊन तू तिथेच... का?"

सांगावं की नाही, असं भावजयीच्या चेहऱ्यावर होतं.

"लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्या भल्यासाठी म्हणून सांगितलेली ती एकच गोष्ट होती, वन्सं," ती म्हणाली. "मी तिथून उठले असते, तर तुम्ही परत काही सांगितलं नसतं."

छप्परताईला हुंदका फुटला. भर दुपारी, नर्स ये-जा करत असताना, ती पलंगाच्या कडेवर डोकं टेकून लहान मुलासारखी रडू लागली. भावजयीने मास्क पुन्हा तोंडावर घेतला, सुई टोचलेला हात हळूच उचलला आणि नणंदेच्या पाठीवर ठेवला.